धुराचे मोजमाप आणि इंजिनाची ताकद : कबनूर-इचलकरंजी परिसरातील टू-स्ट्रोक दुचाकींचा काळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजीला इतके लागून वाढले आहे की गावाची हद्द कोठे संपते आणि शहराची कोठे सुरू होते, हे रस्त्याने जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळाने तो धंदा तेथे रुजला आणि पुढे मागांचा खडखडाट शहराची वेस ओलांडून कबनूरसारख्या शेजारच्या गावांत पोहोचला. हा धंदा एका छपराखाली पुरा होणारा नव्हे. सूत एकाकडचे, सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावण्याचे काम दुसऱ्याकडे, विणाई तिसऱ्या जागी आणि कापडाचा व्यापारी चौथ्या पेठेत, अशी त्याची मांडणी असल्यामुळे मालक, जॉबर, कामगार आणि दलाल या सर्वांना दिवसभर थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या कराव्या लागतात. रात्रपाळी सुटते तेव्हा एसटीची वेळ नसते आणि सायकलीवर बसण्याचे त्राणही उरलेले नसते. दुचाकी वाहन या भागात हौसेच्या आधी गरज म्हणून आले ते या कारणाने; हौस मागाहून आली, पण ती मोठी होती.

१९८५ ते २००५ या वीस वर्षांत या भागातील रस्त्यांवर धावणाऱ्या दुचाकींची जात मुळापासून बदलली. टू-स्ट्रोक इंजिनाच्या हलक्या, चपळ आणि धूर सोडणाऱ्या गाड्या मागे पडल्या व फोर-स्ट्रोक गाड्यांनी त्यांची जागा घेतली. या बदलाचे कारण विचारले असता बहुतेक जण सरकारच्या प्रदूषणविषयक नियमांकडे बोट दाखवतात. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नियमाने नेमके काय केले, बाजाराने काय केले आणि यंत्राच्या रचनेतच काय अडचण होती, हे तीन धागे वेगळे करून पाहिल्याशिवाय हा इतिहास नीट उलगडत नाही. आणि ते वेगळे करताना अमेरिकेत १९७०च्या दशकात वेगवान मोटारींच्या वाट्याला जे आले त्याच्याशी तुलना करणे उपयोगी पडते, कारण तेथेही लोकांच्या आठवणीत सगळा दोष एकाच कायद्याच्या माथी जमा झाला आहे.

प्रथम यंत्र. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार वेगवेगळ्या धावांत होतात व येण्याजाण्याच्या वाटा व्हॉल्व्हने उघडतात आणि मिटतात. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हची ही यंत्रणा नसते. गॅरेजच्या फळीवर उतरवून ठेवलेला, यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा ब्लॉक उचलून आत पाहिले, तर स्लीव्हच्या गुळगुळीत भिंतीत खिडक्यांसारख्या कापलेल्या जागा दिसतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एका बाजूची रुंद खिडकी धूर बाहेर जाण्याची असते आणि तिची कड बहुधा काजळीने काळवंडलेली असते. दोन्ही अंगांच्या खिडक्या ताजे मिश्रण आत येण्याच्या. पिस्टन वरखाली होताना स्वतःच्या अंगानेच या खिडक्या झाकतो व उघडतो, म्हणून क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट मिळतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद निघते ती यामुळे, आणि व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन हे सारे सामान नसल्यामुळे इंजिन हलकेही राहते.

मात्र या साधेपणाची किंमत त्याच खिडकीपाशी चुकवावी लागते. ताजे मिश्रण आत येत असते त्या क्षणी धुराची खिडकीही उघडीच असते, कारण येणाऱ्या मिश्रणानेच जुना धूर बाहेर ढकलायचा असतो. परिणामी काही मिश्रण न जळताच धुरामागोमाग निघून जाते. इंजिनाचा वेग आणि भार यांनुसार १५ ते ४० टक्के इंधन असे वाया जाते, असा अंदाज या विषयाच्या अभ्यासकांनी दिला आहे. पळून जाणारे मिश्रण अडवण्याचा उपाय सायलेन्सरच्या पोटात असतो. तेथे नळी आधी रुंदावत व मग निमुळती होत जाते, त्यामुळे धुराच्या दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निघालेले मिश्रण पोर्टच्या दिशेने मागे लोटते. परंतु ही लाट ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच वेळेवर पोहोचते. त्या पट्ट्यात गाडीला एकदम पिकअप मिळतो. त्याच्या खाली, म्हणजे बाजारपेठेतून हळू जाताना, लाट चुकते आणि पेट्रोल हवेत जाते. वंगणाचे तेलही इंधनाबरोबरच जळत असल्याने निळसर धूर वेगळाच.

आता अमेरिकेकडे वळणे योग्य ठरेल. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने नव्या मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन, १९७५च्या मॉडेलपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात मुदत काही वेळा पुढे ढकलली गेली, तरी कारखानदारांची पावले त्या दिशेने पडू लागली. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही तेथील सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्‌स मोटार. तिच्या ५.७ लिटरच्या एलटी-१ इंजिनाची १९७० साली जाहीर झालेली ताकद ३७० अश्वशक्ती होती, १९७१ साली ३३० आणि १९७२ साली २५५. १९७५च्या साध्या कॉर्व्हेटच्या त्याच आकाराच्या इंजिनाला तर अवघी १६५ अश्वशक्ती उरली होती. हे आकडे ओळीने मांडले की कायद्याने मोटारीचा गळा घोटला असेच वाटते, पण ते एकमेकांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत. १९७१ची घट मुख्यतः संपीडन गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते प्रमाण, ११वरून ९वर आणल्यामुळे झाली, आणि ते उतरवले गेले कमी शिशाच्या पेट्रोलवर इंजिन चालावे म्हणून. १९७२ची घट बऱ्याच अंशी कागदावरची होती, कारण त्या वर्षीपासून मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी इंजिन बाकावर उघडेवाघडे चालवून ताकद मोजत. आता एअर फिल्टर, अल्टरनेटर आणि सायलेन्सर लावून मोजू लागले. १९७५ साली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, म्हणजे धुराच्या नळीत बसवलेले, मौल्यवान धातूंचा लेप असलेले असे पात्र की ज्यातून जाताना विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत होते. आणि त्याच्या अरुंद वाटांनी श्वास अडल्यामुळे ताकद खरोखर घटली. जबर विमा आणि १९७३चे तेलसंकट यांनी गिऱ्हाईकही पांगले होते. कायदा हे यांतले एक कारण होते, आणि मोठेच होते, पण एकमेव नव्हते.

अमेरिकेच्या या कहाणीचा एक धागा थेट भारतात येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. यामाहाची आरडी ३५० ही दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक मोटारसायकल १९७०च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय होती. १९७८च्या मॉडेलपासून तेथे मोटारसायकलींनाही धुराचे नियम लागू झाले आणि तिची उत्तराधिकारी आरडी ४०० ही १९७९च्या मॉडेलनंतर त्या बाजारातून गेली. तीच आरडी ३५० एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९८३ साली राजदूत ३५० या नावाने भारतात आणली. जपानी मूळ गाडीची ३९ अश्वशक्ती येथे सुमारे ३० वर आणि नंतरच्या आवृत्तीत २७ वर उतरवण्यात आली होती. ही काटछाट धुरासाठी नव्हती, पेट्रोलच्या बचतीसाठी होती, कारण भारतात दुचाकींना धुराची मर्यादा तोवर लागूच झालेली नव्हती. ज्या जातीच्या यंत्राला एका देशाच्या कायद्याने निरोप दिला, त्याला दुसऱ्या देशात दारे उघडी होती, आणि येथेही आधी गाठले ते धुराने नव्हे तर खिशाने.

राजदूत ३५० महाग होती व पेट्रोलही फार पीत असे. कबनूरच्या कामगाराच्या आटोक्यातील गाडी ती नव्हे. १९८५च्या अखेरीस त्याच कंपनीने यामाहाच्या सहकार्याने आणलेली आरएक्स १०० मात्र या भागातील तरुणांच्या मनात घर करून बसली. ५० मिलिमीटर बोअर आणि तितकाच स्ट्रोक, ९८ सीसी क्षमता, ११ अश्वशक्ती आणि जेमतेम १०० किलोच्या आसपास वजन, एवढाच तिचा पसारा. त्याच वर्षी आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक गाडीची क्षमता जवळपास तेवढीच असूनही ताकद सुमारे साडेसात अश्वशक्ती होती. प्रतिलिटर हिशेब केला तर आरएक्स १०० लिटरमागे ११२ अश्वशक्ती देत होती आणि १९७५ची कॉर्व्हेट २९. या तुलनेला मर्यादा आहेत, कारण लहान सिलिंडर जलद फिरतो आणि टू-स्ट्रोकला दुप्पट स्फोट मिळतात. तरीही फळीवर एका हाताने उचलता येणाऱ्या त्या ब्लॉकमध्ये केवढे कौशल्य साठवले होते, हे त्यातून कळते. जुने फिटर तिचे नाव आजही आदराने घेतात, आणि तो आदर सार्थ आहे.

तिच्या जोडीला कामाच्या गाड्या होत्या. आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक ही १४५ सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर १९७२पासून बाजारात होती आणि घरातील कर्त्या माणसाचे वाहन म्हणून तिचा मान होता. त्याच कंपनीची सुमारे ७५ सीसीची एम-८० ही दुधाचे कॅन, भाजीची पोती, कापडाचे तागे असे काहीही पाठीवर घेणारी गाडी होती आणि पश्चिम महाराष्ट्रातील गवळ्याचे तिच्याशिवाय पान हलत नसे. अहमदनगर-पुण्याच्या फिरोदिया उद्योगसमूहाची ५० सीसीची लूना १९७२पासून फिरत होती. या सर्वच टू-स्ट्रोक होत्या. त्यांभोवती दुरुस्तीची एक पूर्ण विद्या उभी राहिली होती: बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवणे, पोर्टमधील काजळी खरवडणे, सायलेन्सरची नळी काढून आत साचलेला कार्बन जाळून टाकणे, कार्बोरेटरचा जेट बदलणे. काही कसबी हात धुराच्या पोर्टची वरची कड कानशीने थोडी उंच करीत. तेवढ्याने वरच्या फेऱ्यांत ताकद वाढे आणि खालच्या फेऱ्यांत न जळता पळणारे पेट्रोलही वाढे. ताकद आणि धूर यांची गाठ एकाच खिडकीत पडलेली होती, हे त्या कानशीच्या कामाइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवत नाही.

भारतातील नियमांचा आरंभ केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांपासून होतो. त्यांतील ११५व्या नियमाखाली नव्या वाहनांसाठी ग्रॅम प्रतिकिलोमीटर या मापातील मर्यादा प्रथम १९९१ साली आल्या. त्या सैल होत्या आणि टू-स्ट्रोक त्यांत बसत होत्या. खरा दणका १ एप्रिल १९९६च्या टप्प्याने दिला. त्यात दुचाकीला दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम, आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम एवढीच मुभा राहिली. २००० साली या दोन्ही मर्यादा २ ग्रॅमवर आल्या, २००५च्या भारत स्टेज दोनमध्ये दीड ग्रॅमवर आणि २०१०च्या भारत स्टेज तीनमध्ये १ ग्रॅमवर. मोटारींबाबत मुंबई, पुणे अशा निवडक शहरांत कडक आणि इतरत्र सैल असा भेद बराच काळ चालला, पण दुचाकींचे टप्पे देशभर एकच असल्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील खरेदीदारापर्यंत ते महानगरांबरोबरच पोहोचले. २००३ साली सरकारने स्वीकारलेले वाहन-इंधन धोरण ज्या समितीने आखले, तिचे अध्यक्ष गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्यांची कारकीर्द घडली ते रघुनाथ माशेलकर होते.

मर्यादेइतकेच महत्त्व ती मोजण्याच्या रीतीला होते. ही चाचणी घेणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय अग्रभागी होती. तेथे गाडीचे मागचे चाक रोलरवर ठेवून ती १०८ सेकंदांच्या ठरावीक आवर्तनात चालवत आणि बाहेर पडणारा धूर पिशवीत साठवून तपासत. या आवर्तनाला इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणत. त्यातील कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२ होती. भारतीय शहरांतील गर्दीचे ते प्रामाणिक चित्र होते. परंतु टू-स्ट्रोकची परतणारी लाट जेथे हमखास चुकते तो हाच हळू वेगाचा पट्टा, म्हणजे हे यंत्र जेथे सर्वांत दुबळे होते नेमकी तेथेच त्याची परीक्षा होत होती. त्यात अन्याय नव्हता, कारण इचलकरंजीच्या बाजारात गाडीमागून चालणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात धूर जात होता तो याच वेगाला.

अमेरिकन इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइड घटवण्यासाठी धुराचा काही भाग नळीने परत सिलिंडरमध्ये सोडावा लागला होता. टू-स्ट्रोकमध्ये जुना धूर थोडाफार आत राहतोच, त्यामुळे तो वायू तिच्यात मुळातच कमी तयार होतो. तिला नापास केले ते हायड्रोकार्बनने, आणि तो दोष जुळणीतला नव्हता, श्वास घेण्याच्या रीतीतच होता. तिच्या सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर बसवण्याचा मार्ग कंपन्यांनी चोखाळला, पण शिशाने कन्व्हर्टरचा लेप निकामी होतो आणि देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २०००पासून. शिवाय न जळलेले पेट्रोल एवढे असे की ते कन्व्हर्टरमध्ये जळताना तो बेसुमार तापे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, धुराची खिडकी मिटल्यावर फवारणे हा अधिक मूलगामी उपाय होता. बजाजने ऑस्ट्रेलियातील ऑर्बिटल कंपनीच्या तंत्राने २००७ साली तशी टू-स्ट्रोक रिक्षा आणलीही. तंत्र खरे होते, पण तोवर बाजार उठला होता.

आरएक्स १००चे उत्पादन मार्च १९९६मध्ये, म्हणजे नव्या टप्प्याच्या उंबरठ्यावर, थांबले आणि तिच्या जागी १३२ सीसीच्या आरएक्स-जी व आरएक्स १३५ या गाड्या आल्या. क्षमता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, ताकद मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. तेवढीच हालचाल राखण्यासाठी मोठे इंजिन द्यावे लागले आणि कॉर्व्हेटच्या कहाणीशी सर्वांत जुळणारा भाग हाच. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा येझदी या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा कारखाना १९९६ सालीच बंद झाला. तेथे कामगारप्रश्न आणि मंदावलेला खप हीही कारणे होती. यामाहाची आरएक्स मालिका २००५च्या सुमारास संपली आणि टू-स्ट्रोक चेतकही त्याच काळात इतिहासजमा झाली.

परंतु केवळ नियमावर सगळे सोडणे बरोबर होणार नाही. सीडी १००सारख्या गाडीचे अ‍ॅव्हरेज टू-स्ट्रोकपेक्षा पुष्कळ अधिक होते, आणि यंत्रमागाच्या धंद्यात मंदीचे फेरे नेहमीचे असल्याने महिन्याच्या पेट्रोलचा खर्च हा तेथील कुटुंबाच्या हिशेबातला खरा आकडा होता. देशात १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला खपात मागे टाकले, तेव्हा गिऱ्हाइकाने ग्रॅम प्रतिकिलोमीटर पाहिले नव्हते. लिटरला किती किलोमीटर, हे पाहिले होते. न जळता जाणारे पेट्रोल हे हवेचेही नुकसान आणि खिशाचेही, त्यामुळे नियम आणि बाजार येथे एकाच बाजूला उभे राहिले. अमेरिकेतील ग्राहकाला कायद्याने मोटार दुबळी करून दिली आणि किंमतही वाढवली; कबनूरच्या ग्राहकाला पिकअप गमावून अ‍ॅव्हरेज मिळाले. म्हणूनच येथे हळहळ झाली, पण विरोध झाला नाही.

गमावलेली ताकद दोन्हीकडे परत आली, मात्र वाटा निराळ्या. अमेरिकेत त्याच जातीचे व्ही-आठ इंजिन संगणकनियंत्रित इंधन-फवारणीने सावरले आणि २००२च्या कॉर्व्हेट झेड-०६ने ५.७ लिटरमधून, कन्व्हर्टर लावून आणि नव्या काटेकोर पद्धतीने मोजून, ४०५ अश्वशक्ती दिली. भारतात जुन्या यंत्राला ती संधी मिळाली नाही. ताकद परतली ती दुसऱ्या जातीच्या इंजिनातून. १९९९ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१च्या अखेरीस आलेली बजाज पल्सर यांनी दीडशे सीसीच्या फोर-स्ट्रोकमधून सुमारे १२ अश्वशक्ती दिली. २००३ साली पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आले, त्यामुळे मिश्रण लवकर आणि पुरते जळू लागले. २०१२ साली पुण्याजवळच्या चाकण येथे तयार झालेल्या केटीएम २०० ड्यूकने २०० सीसीमधून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे १२५. आरएक्स १००चा ११२चा आकडा या फोर-स्ट्रोकने, कन्व्हर्टर आणि इंधन-फवारणीसह, ओलांडला तो ती गाडी आल्यानंतर २७ वर्षांनी. एवढ्या काळात कबनूरच्या फिटरची विद्याही बदलली: कानस आणि जेट यांच्या जागी टॅपेटची फट, टायमिंग चेन आणि पुढे सेन्सर आले, आणि ज्यांचे सारे कसब पोर्टच्या कडेवर चालत असे त्यांच्यापैकी अनेकांना नवे काम नव्याने शिकावे लागले. नियमांच्या इतिहासात या नुकसानीची नोंद सहसा होत नाही. ती व्हायला हवी.

सर्वांत उशिरापर्यंत टिकल्या त्या ओझ्याच्या गाड्या. एम-८०ची फोर-स्ट्रोक आवृत्ती आली तरी टीव्हीएसच्या ७० सीसीच्या टू-स्ट्रोक एक्सएलने दूधवाले आणि भाजीवाले यांच्यात आपली जागा राखली. २०१५ साली त्या कंपनीने फोर-स्ट्रोक एक्सएल १०० आणली. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी भारत स्टेज तीनच्या वाहनांची विक्री १ एप्रिलपासून थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा नव्या टू-स्ट्रोक दुचाकीला सर्वसाधारण बाजारात जागाच उरली नाही. १ एप्रिल २०२०पासूनच्या भारत स्टेज सहामध्ये हायड्रोकार्बनची मर्यादा दर किलोमीटरला ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडची ०.०६ ग्रॅम झाली, १९९६च्या ३.६ ग्रॅमच्या बेरजेशी ताडता हे प्रमाण बाविसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे.

हे टप्पे नव्या वाहनांचे. आधीच रस्त्यावर आलेल्या गाडीला ते मागे जाऊन लागू होत नाहीत. तिच्यासाठी पीयूसी, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन मोकळे फिरवून सायलेन्सरमध्ये नळी घालून केलेली तपासणी, एवढीच कसोटी असते. २००४च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या मापांनुसार ३१ मार्च २०००पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत ९,००० भाग इतकी मुभा आहे, तर त्या तारखेनंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,००० भाग, व फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४,५०० भाग. जपून ठेवलेली, वेळेवर काजळी काढलेली आणि जेट नीट बसवलेली आरएक्स १०० ही कसोटी देऊ शकते, आणि नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर भरून कायदेशीरपणे रस्त्यावर राहू शकते. जुन्या बाजारात तिला मिळणारा भाव चढाच आहे, तो यामुळेही.